श्रावणातली स्टाउट

मी बनवलेली बिअर मला पहिल्यांदा मिळाली ती ज्यूसच्या ग्लासात, तळाशी उरलेली, आणि तीही मागून घेतली म्हणून. ही गोष्ट आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. बादली मी धुतली होती, माल्टचा डबा मी गरम पाण्यात उभा केला होता, बाटल्यांची झाकणं मी दाबली होती. आणि मरीन परेडच्या त्या समुद्र दिसणाऱ्या बाल्कनीत नवऱ्याचे मित्र ती बिअर पीत उभे असताना मला आत सोफ्यावर विचारण्यात आलं, "वहिनी, तुम्हाला मँगो ज्यूस देऊ की लिची?"

मी लिची म्हणाले. आता म्हणणार नाही.

पण आधी आँटीबद्दल सांगायला हवं. आम्ही ह्या बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बुकित पंजांगला राहतो. एलआरटी, म्हणजे उंच पुलावरून धावणारी छोटी ट्रेन, आमच्या ब्लॉकच्या इतकी जवळून जाते की तिच्या काचा तेवढ्यापुरत्या आपोआप धुरकट होतात, प्रवाशांना लोकांच्या घरात डोकावता येऊ नये म्हणून. घरातल्या घरात कुणी कुणाच्या गोष्टीत किती डोकावावं, ह्यासाठी मात्र अशी काही सोय नाही. आमच्या शेजारच्या घरात ही चिनी आँटी राहायची. वय सत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा जुरोंग ईस्टला. दर शनिवारी दुपारी ती खालच्या कॉफी शॉपमध्ये जाऊन बसायची. नाव कॉफी शॉप असलं तरी तिथे नूडल्सपासून बिअरपर्यंत सगळं मिळतं. ती बसायची ती स्टाउटची एक बाटली आणि बर्फाने भरलेला ग्लास घेऊन, एकटी, पाय पसरून.

एका शनिवारी मी बाजारातून दोन पिशव्या भाजी घेऊन येत होते. तिने हाक मारली आणि समोरची खुर्ची पायाने सरकवली. "सिट, सिट. सो हॉट." तिने दुसरा ग्लास मागवला, त्यात बर्फ आणि त्यावर तिच्याच बाटलीतली काळी बिअर ओतली. मी म्हटलं, मी पीत नाही. ती म्हणाली, "धिस वन नॉट ड्रिंकिंग लाह. ब्लॅक वन गुड फॉर वुमन. मेक ब्लड." आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर देतात, तशी तिच्या आईला म्हणे बाळंतपणानंतर स्टाउट दिली होती. वैद्यकशास्त्र काय म्हणतं ते मला माहीत नाही आणि तेव्हा विचारायचंही नव्हतं. एक घोट घेतला. कडू, पण तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीसारखी, करपण्याच्या आधी थांबलेली. आजूबाजूला कुणी माझ्याकडे पाहत नव्हतं. पायाशी लाल माठाची जुडी पिशवीतून बाहेर आली होती. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चार माणसांत, दिवसाउजेडी बसून मी बिअर पीत होते आणि जगात कुठेही काही कोसळलं नव्हतं.

मग मी शनिवारी तिच्याबरोबर बसायला लागले. नवऱ्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "म्हातारीच्या नादाला लागलीस." स्वतः तो दर पंधरा दिवसांनी मित्रांच्या नादाला लागतो, त्याला मात्र गेट-टुगेदर म्हणतात.

पन्नासाव्या वाढदिवसाला मी स्वतःला स्टाउट बनवायचं किट घेतलं. एक मोठी झाकणाची बादली, तिला नळ, झाकणावर हवा जाऊ देणारी पण येऊ न देणारी प्लॅस्टिकची वळणदार नळी, माल्टचा डबा, यीस्टची पुडी. इथे घरापुरती बिअर बनवायला परवानगी आहे, विकायची मात्र नाही. नवऱ्याने डबा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "घरात हातभट्टी लावणार तू? साधं ताक करायचं तर तुला मिक्सर लागतो." मी काही बोलले नाही. मी अकाउंटंट आहे. ताळेबंद जुळेपर्यंत गप्प बसायची मला सवय आहे.

खरं सांगायचं तर बिअर बनवणं म्हणजे स्वच्छता आणि वाट पाहणं, आणि ह्या दोन्ही गोष्टी आमच्या घरात माझ्याच वाट्याच्या आहेत. माल्टचा डबा गरम पाण्यात ठेवून सैल केला. काकवीसारखा दाट, काळा, कडवट वासाचा रस बादलीत ओतला, वर उकळतं पाणी, साखर, मग गार पाणी. पण इथल्या नळाला गार पाणी येत नाही, कोमट येतं. त्यात यीस्ट टाकलं तर ते उष्णतेने भलतंच माजतं आणि बिअरला नेलपॉलिशसारखा वास येतो. म्हणून बर्फ. मग बादली एका मोठ्या टबात पाण्यात उभी करायची, तिला ओला टॉवेल गुंडाळायचा आणि सकाळ-संध्याकाळ टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या बदलायच्या. मी हे सगळं शेल्टरमध्ये मांडलं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, पोलादी दाराची एक लहानशी खोली असते, युद्धात बॉम्ब पडले तर आसऱ्याला. लोक तिला सरळ बॉम्ब शेल्टर म्हणतात आणि तिच्यात अडगळ ठेवतात. आमच्याकडे तिथे तांदळाचा डबा, सुटकेसा आणि गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर ती वळणदार नळी बुडबुडत होती. मी तिथेच तांदळाच्या डब्यावर बसून राहिले. ऑफिसला जायला उशीर झाला. माझ्या हाताने काहीतरी जिवंत झालं होतं आणि ते कुणाच्याही डब्यासाठी, परीक्षेसाठी किंवा पाहुण्यांसाठी नव्हतं.

बाटल्या कधी भरायच्या हे ठरवायला एक काचेची नळी असते. ती बिअरमध्ये तरंगवायची. यीस्ट साखर खात राहतं तोवर ती रोज थोडी अधिक खाली बुडते. बुडायची थांबली, काही दिवस एकाच रेघेवर राहिली, की समजायचं आंबणं संपलं. मग प्रत्येक बाटलीत चिमूटभर साखर घालून, बिअर भरून, झाकण दाबायचं. त्या चिमूटभर साखरेचाच फेस होतो. आंबणं संपायच्या आधी भरलं तर आत साखर उरलेली असते, गॅस कोंडत जातो आणि बाटली फुटते. हे डब्यासोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं. मी नवऱ्याला वाचूनही दाखवलं होतं. तो हो म्हणाला होता, फोनकडे बघत.

पहिली बॅच सुरेख झाली. पहिली बाटली आँटीची, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. पण त्याच शनिवारी मरीन परेडला नवऱ्याच्या बँकवाल्या मित्राकडे सगळे जमणार होते, आणि मी अंघोळीला गेलेली असताना नवऱ्याने बाटल्यांचा क्रेट गाडीत नेऊन ठेवला. सगळा. "अगं, सगळ्यांना चव तरी बघू दे. तुझंच कौतुक होईल."

कौतुक झालं. बाल्कनीत ग्लास उंचावून त्याने पहिल्यांदा सांगितलं, "आम्ही घरी काढलीये." दुसऱ्या फेरीला 'आम्ही'चं 'मी' झालं. मी सोफ्यावरून ऐकत होते. तो तापमानाबद्दल बोलत होता. "इथल्या हवेत टेंपरेचर सांभाळणं हेच खरं स्किल आहे," असं म्हणत होता. ज्या माणसाने बर्फाची एक बाटली बदलली नव्हती तो! आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती, पण तिचा फणा काढून डोलणारा प्रत्यक्ष नमुना त्या बाल्कनीत पाहिला. बँकवाला म्हणाला, "तुझ्या हाताला गुण आहे, बाबा." आणि त्याची बायको मला म्हणाली, "नशीबवान आहेस हं, तुझ्या नवऱ्याला असले छंद आहेत. आमच्याकडे नुसतं क्रिकेट."

तेव्हा मी उठले, बाल्कनीत गेले आणि म्हटलं, "मला पण द्या जरा." कुणीतरी हसलं. बाटल्या संपत आल्या होत्या. माझ्या लिचीच्याच ग्लासात त्यांनी तळाशी राहिलेली ओतली. तीत बर्फ नव्हता आणि खाली यीस्टचा गाळ होता. चांगली झाली होती. हे मला गाळातूनही कळलं.

घरी येताना गाडीत मी विचारलं, "तू बनवलीस असं का म्हणालास?" तो म्हणाला, "अगं, तसं म्हटलं म्हणून काय झालं? घरची म्हणजे दोघांचीच ना. तू पण ना, बारीकसारीक गोष्टी धरून बसतेस." हे 'तू पण ना' मी आयुष्यभर ऐकत आले आहे. ते ऐकलं की समजायचं, आपलं बरोबर आहे आणि ते कुणाला मान्य करायचं नाहीये.

आँटीला मी सोमवारी जिन्यापाशी भेटून सांगितलं की बाटली उरली नाही. ती नुसतं "नेव्हर माइंड" म्हणाली. मग तिने तिची बातमी सांगितली. गुडघे गेलेत, फ्लॅट विकला, दोन-अडीच महिन्यांत मुलाकडे राहायला जायचं. मुलगा आणि सून चर्चला जाणारे, त्यांच्या घरात दारूचा थेंब चालत नाही. "देअर नो बीअर," ती म्हणाली, आणि हाताने पुसून टाकल्यासारखं केलं. कॉफी शॉपला खाली उतरणंही तिला आता जमत नव्हतं. मी तिला तिथेच सांगितलं, पुढची बॅच तुझी, तू जायच्या आधी. तिने माझा दंड धरला आणि लगेच सोडला.

म्हणजे दुसरी बॅच कुणाची आहे ह्याबद्दल कुणाच्याही मनात शंका राहायला नको होती. मी नवऱ्याला सांगितलं होतं, जेवताना, समोर बसून, फोन बाजूला ठेवायला लावून.

पण गटारी आली. इथले मराठी लोक कुठल्या सणाला भारतीय दुकानातून काय आणायचं ह्यावर गोंधळतील, गटारीवर नाही. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी जे काय खायचं-प्यायचं ते उरकून घ्यायचं, मग महिनाभर सात्त्विक. त्या वर्षी गटारी नेमकी रविवारी. बँकवाल्याचा फोन आला, "मटण मी करतो, तू ती तुझी काळी बिअर आण." आणि नवऱ्याने शब्द देऊन टाकला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"गटारीपर्यंत ती तयार होणार नाही," मी म्हटलं. "आणि ती आँटीची आहे."

"सगळी? म्हातारी एवढी पिणार आहे का?"

"ती पिईल किंवा ओतून देईल. तिची आहे."

"अगं, पण गटारीनंतर श्रावण. मग गणपती. दीड महिना मी हात लावणार नाही. आत्ता नाही तर कधी?"

हे तो खरोखरच फार मोठी अडचण मांडावी तसं म्हणाला. यीस्टने पंचांग बघून आंबावं अशी त्याची अपेक्षा होती.

त्या आठवड्यात मला ऑडिटसाठी क्वालालंपूरला जावं लागलं. जाताना मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. टबातल्या बर्फाच्या बाटल्या बदल आणि बादलीचं झाकण उघडू नकोस. रविवारी दुपारी परत आले तर स्वयंपाकघरात बादली धुऊन उलटी वाळत घातली होती. मला आधी कळलंच नाही मी काय पाहतेय.

"सरप्राइज," नवरा म्हणाला. "तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी भरून टाकल्या. अर्ध्या पोचवल्या पण. अर्ध्या शेल्टरमध्ये आहेत, तुझ्या आँटीला."

"काचेची नळी तरंगवलीस?"

"बुडबुडे जवळजवळ थांबले होते."

"जवळजवळ?"

"आणि प्रत्येकीत चांगली दोन-दोन चमचे साखर घातलीये. लवकर फेस यावा म्हणून. इतक्या दिवसांत मस्त तयार झाली असेल."

मी सुटकेस तिथेच ठेवली. मी त्याला म्हटलं, मित्राला फोन कर, बाटल्या फ्रीजमध्ये टाकायला सांग, उघडू नका म्हणावं, फुटतील. तो म्हणाला, "गेल्या वेळी फुटली का एक तरी?" गेल्या वेळी मी भरल्या होत्या, हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. त्याच्या मते गेल्या वेळीही त्यानेच बनवली होती. इतक्यांदा सांगून सांगून ते त्याला खरं वाटायला लागलं होतं, आणि मला वाटतं बाटल्या त्यामुळेच फुटल्या.

आमचा फ्रीज श्रावणासाठी आणलेल्या भाज्यांनी आणि दह्यादुधाने खच्चून भरला होता. मी शेल्टरचं पोलादी दार ओढून घट्ट लावलं. घरात दुसरी सुरक्षित जागा नव्हती. सकाळी हातमोजे घालून एकेक झाकण सैल करू, गॅस सोडू, असं ठरवलं. एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

मी पार्टीला गेले ती कुणाच्या डोळ्यात काच जाऊ नये म्हणून. पोचेपर्यंत त्यांनी बाटल्या बाल्कनीत मांडल्या होत्या. बाटली उघडायची तर टॉवेलमध्ये धरून, तोंड बाहेर करून, असं मी सांगितलं. बँकवाला म्हणाला, "वहिनी, आम्ही आयुष्यात बाटल्या उघडल्यात." त्याने उघडली. फेस छताला लागला. काळी धार पंख्यावर, तिथून पांढऱ्या भिंतीवर, तिथून त्याच्या शर्टवर. दुसरी मी उघडूच नका म्हणत असताना उघडली गेली, ती आत हॉलपर्यंत गेली. मग मात्र सगळ्यांना हसू फुटलं. पुरुष बाल्कनीत हसत होते आणि बँकवाल्याची बायको गुडघ्यावर बसून सोफा पुसत होती. मी दुसरं फडकं घेऊन तिच्या शेजारी बसले. माझ्याही हाताला लागलेलं मी चाटून पाहिलं. गोड होती. कच्ची. अर्धीसुद्धा झाली नव्हती.

खाली उतरलो तेव्हा ब्लॉकशेजारच्या लोखंडी पिंपात कागद जळत होते. चिनी लोकांचा सातवा महिना सुरू झाला होता. आमचा श्रावण आणि त्यांचा हा महिना एकाच अमावास्येला चिकटून येतात. त्यांच्याकडे ह्या महिन्यात पितरं भुकेली फिरतात आणि त्यांना खाऊ-पिऊ घालतात, कागदी पैसे जाळून पोचवतात.

सोमवारी सकाळी नवऱ्याने अंघोळ केली, पूजा केली, उपवासाची साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि ऑफिसला गेला. मी घरून काम करत होते. पहिली मीटिंग संपवून हातमोजे घालायचे, असं ठरवलेलं. मीटिंग चालू असतानाच पोलादी दाराच्या आत काहीतरी फुटलं. मग आणखी एक. एक फुटली की तिच्या धक्क्याने शेजारची फुटत होती. बाहेरचे बॉम्ब आत येऊ नयेत म्हणून बांधलेल्या खोलीने आतले बॉम्ब बाहेर येऊ दिले नाहीत, एवढं त्या सरकारी बांधकामाला श्रेय द्यायला हवं. मी कॅमेरा बंद केला आणि स्वयंपाकघरात उभी राहून आवाज संपायची वाट पाहिली. मला रडू येत नव्हतं. मला नवऱ्याच्या ऑफिसात जाऊन त्याच्या टेबलावर एक बाटली उघडायची होती.

आवाज ऐकून आँटी काठी टेकत आली. दार उघडलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे आणि मग आत पाहिलं. तांदळाच्या डब्यावर काचा, सुटकेसांवर काचा, मखर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालेलं. एकही बाटली धड राहिली नव्हती. "धिस वन माइन?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. तिने काठीने एक काच बाजूला सारली. मग म्हणाली, "युअर हजबंड व्हेरी हरी, आह. कान्ट वेट." आणि तिचा मोठा झाडू आणायला परत गेली.

संध्याकाळी ग्रुपवर मेसेज आला. बँकवाल्याने भिंतीचा फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, 'वहिनींच्या बॉम्बपासून सावधान.' खाली हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कुणी लिहिलं, 'वहिनी, लोणचीच बरी.' आणि माझ्या नवऱ्याने, ज्याने त्या भरल्या होत्या, ज्याने प्रत्येकीत दोन-दोन चमचे साखर घातली होती, त्याने खाली लिहिलं, 'तिला सांगितलं होतं घाई करू नकोस.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. जमली तेव्हा बिअर त्याची होती. फुटली तेव्हा माझी झाली.

तो घरी आल्यावर मी भांडले. आवाज चढवून भांडले, शेजारी ऐकतील ह्याची पर्वा न करता, कारण शेजारी ज्या बाईने ऐकायचं होतं तिने दुपारी माझ्या घरातल्या काचा झाडल्या होत्या. तो म्हणाला, गंमत होती. म्हणाला, ग्रुपवर असंच चालतं. म्हणाला, "तू पण ना." मी म्हटलं, ग्रुपवर आत्ता खरं लिही. त्याने लिहिलं नाही. "आता विषय संपलाय, उगाच कशाला उकरायचा." चोराच्या उलट्या बोंबा तरी ऐकू येतात. हा चोर शांतपणे हात धुऊन जेवायला बसला. मखर मात्र मी त्यालाच नवीन करायला लावलं, आणि कापताना त्याचं बोट कापलं तेव्हा मी पट्टी दिली, पण सावकाश.

त्याच आठवड्यात मी तिसरं किट आणलं.

ह्या वेळी मी शेल्टरला कुलूप घातलं आणि किल्ली ऑफिसच्या ओळखपत्राच्या दोरीला लावली. बर्फ, ओला टॉवेल, काचेची नळी. नळी एकाच रेघेवर थांबली तरी मी आणखी वाट पाहिली, नुसत्या रागाने. मग भरल्या, झाकणं दाबली आणि बाटल्या तिथेच पिकू दिल्या. नवऱ्याने एकदाच विचारलं, "गणपती गेल्यावर सगळ्यांना बोलावू या आपल्याकडे? तेवढ्यात होईल ना?" मी म्हटलं, "होईल." खोटं बोलले नाही. होणारच होती.

मग श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात एका शनिवारी मी दोन बाटल्या काढल्या आणि त्याच्यासमोरून शेजारी निघाले. तो सोफ्यावर राजगिऱ्याची वडी खात होता.

"अगं, श्रावण आहे," तो म्हणाला.

"तुझा."

"म्हणजे? तू पाळत नाहीस?"

"मी कधी पीत होते की आता सोडू? मला कुणी विचारलंच नव्हतं, मँगोशिवाय."

हे मला खरंच त्याच क्षणी सुचलं. गटारी पिणाऱ्यांची असते. सोडायचं त्यांना असतं. आम्ही बायका गटारीच्या ताटात मटण वाढतो, दुसऱ्या दिवशी साबुदाणा भिजवतो, आमच्याकडून कुणी कधी काही सोडायची अपेक्षाच ठेवली नाही, कारण आमच्या हातात कधी काही दिलंच नव्हतं. त्या दिवशी त्या हिशेबाचा फायदा मी घेतला.

आँटीचं घर अर्धं खोक्यांत भरलेलं होतं. तिने ग्लासात बर्फ भरून ठेवला होता. पहिला ग्लास ओतला तो तिने तिच्या नवऱ्याच्या फोटोसमोर नेऊन ठेवला, उदबत्तीशेजारी. "हिज मंथ," ती म्हणाली. "इफ नॉट, लेटर ही स्कोल्ड मी ड्रिंक ऑल." मग आमचे दोघींचे. तिने घोट घेतला, तोंडात धरला, गिळला. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, बोर्डाच्या निकालाकडे पाहिलं नव्हतं इतकं निरखून. "कॉफी शॉप वन नो नीड आल्रेडी," ती म्हणाली. मी तिच्या ग्लासात आणखी थोडी ओतली. मग मी पण प्यायले. त्यात भाकरीची करपलेली कड होती, शेवटी थोडी चॉकलेटसारखी कडू, आणि फेस जागच्या जागी राहिला होता.

त्यानंतर दर संध्याकाळी. ऑफिसहून आलं की कपडे बदलून मी तिच्याकडे. खोकी बांधायची, जुने कप कागदात गुंडाळायचे, आणि एक बाटली. गणपती घरात होते ते दीड दिवस मी बाटलीला हात लावला नाही, तेवढं मी माझं ठरवलेलं. ते गेल्यावर पुन्हा. नवरा आधी हसला, मग एकदा म्हणाला, "जरा मित्रांपुरत्या ठेव हं." मी 'बघते' म्हटलं. आमच्या घरात 'बघते'चा अर्थ आजवर 'हो' असा होत आला होता, आणि त्याने तो तसाच घेतला.

अनंत चतुर्दशीनंतरच्या शनिवारी सगळे आले. बँकवाला, त्याची बायको, बाकीचे. नवऱ्याने त्यांना दारातच सांगितलं की ह्या वेळी बॅच एकदम व्यवस्थित आहे, "नीट वेळ दिलाय मी तिला." मी ते ऐकलं, आणि किल्ली दोरीवरून काढून त्याच्या हातात दिली.

त्याने पोलादी दार उघडलं. क्रेट होता तिथेच होता. बाटल्या सगळ्या होत्या, धुतलेल्या, उलट्या, वाळत घातलेल्या. तो वाकून पाहत राहिला. मग एक उचलली, सरळ केली, पुन्हा ठेवली. "सगळ्या?" त्याने विचारलं.

"एक सोडून."

ती एक हॉलमध्ये होती. आँटी आमच्या सोफ्यावर पाय पसरून बसली होती, दुसऱ्या दिवशी मुलगा तिला न्यायला येणार होता. शेवटची बाटली मी आम्हा दोघींच्या ग्लासांत ओतून ठेवली होती, बर्फावर. बँकवाल्याने ग्लासांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वहिनी, हे काय, आमच्यासाठी एक तरी ठेवायची."

"भावजी, ती तुमची नव्हतीच," मी म्हटलं. "पहिली मी बनवली होती. ही पण मीच बनवली. मधली ह्याने भरली होती, ती तुमच्या भिंतीवर आहे."

कुणी हसलं नाही. बँकवाल्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या नवऱ्याकडे, मग येऊन आँटीशेजारी बसली. मी उठून तिलाही एक ग्लास आणला आणि माझ्या ग्लासातली अर्धी त्यात ओतली. पुरुष अजून उभेच होते, आपापल्या हातांचं काय करावं ते न कळून.

मी फ्रीज उघडला आणि विचारलं, "मँगो देऊ की लिची?"

नवऱ्याने लिची घेतली.